आधी पीळ काढा : प्रस्तावना

हे पुस्तक ज्या गाडीविषयी आहे ती पहिल्यांदा हातात घेणारा माणूस तिला उलटसुलट करून बघतो आणि विचारतो, "बाकीची गाडी कुठे आहे?" प्रश्न रास्त आहे. रिमोटवरच्या इतर रेसिंग गाड्यांना चार कोपऱ्यांत चार शॉक असतात, गिअरबॉक्स असतो, पट्टे नाहीतर शाफ्ट असतात. इथे त्यातलं जवळजवळ काही नाही. कार्बन फायबरची एक सपाट पट्टी, तिच्या पुढच्या टोकाला दोन चाकं, मागच्या टोकाला मोटर आणि मागचा आस धरणारी छोटी चौकट, मध्ये बॅटरीचा एकच सेल. मोटरवरच्या पिनियनचे दाते थेट मागच्या आसावरच्या गिअरला भिडतात, मध्ये दुसरं काही नाही. बॉडी चढवून रेसला उभी केलेली ही एक-बारांश मापाची गाडी साधारण ७३० ग्रॅम भरते आणि रुंदीला १७२ मिलिमीटरच्या पुढे जात नाही. तळ पसरट आणि सपाट, म्हणून इंग्रजीत तिला पॅन कार म्हणतात. आपल्याकडे तिचं बारसं झालं असतं तर परात गाडी म्हटलं असतं.

एवढ्या थोडक्या सामानाच्या गाडीवर अख्खं पुस्तक कशासाठी? सामान थोडकं आहे, नेमकं त्यासाठीच. ज्या यंत्रात शंभर सांधे असतात त्यात एका सांध्याची चूक दुसऱ्यात जिरून जाते. पॅन कारमध्ये जिरायला जागा नाही. एका बाजूचा टायर अर्ध्या मिलिमीटरने लहान असला, मोटरची एक वायर जरा ताठ असली, एका बॉल जॉइंटमध्ये केसभर माती गेली, की गाडी ते ट्रॅकवर सगळ्यांसमोर बोलून दाखवते. आणि ती काय बोलते आहे हे ज्याला कळत नाही तो स्प्रिंगा बदलत बसतो. मीही पहिला हिवाळाभर तेच केलं.

मी मूळचा टूलरूममधला. भोसरीच्या एका कारखान्यात मला पहिलं काम मिळालं ते सरफेस प्लेटच्या शेजारी. आमचे मिस्त्री जॉबकडे बघायच्या आधी प्लेटकडे बघत. मी डायल गेज लावून तावातावाने रीडिंग सांगायला गेलो की ते एवढंच विचारत, "प्लेट पुसलीस का रे?" बहुतेक वेळा पुसलेली नसे. धातूचा एक कण खाली राहिला तर वरचं सगळं मोजमाप खोटं, हे त्यांनी मला समजावून सांगितलं नाही. पाच-सहा वेळा जॉब उचलून, प्लेट पुसून, पुन्हा ठेवून दाखवलं. पुढे नोकरीनिमित्त ओहायोत आलो. इथल्या एका हॉलमध्ये काळपट कार्पेटवर पळणाऱ्या या गाड्या पाहिल्या आणि पिट टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात काचेची नाहीतर दगडाची गुळगुळीत प्लेट दिसली. परक्या मुलखात ओळखीचं काही भेटावं तसं झालं.

आता कार्पेटबद्दल. उत्तर अमेरिकेच्या आणि युरोपच्या थंड भागांत नोव्हेंबर ते मार्च बाहेरच्या डांबरी ट्रॅकवर गाडी पळवण्यात अर्थ नसतो. बर्फ नाहीतर चिखल, आणि हात गारठलेले. म्हणून रेसिंग आत आलं. हॉटेलांचे मोठे हॉल, प्रदर्शनाच्या जागा, शाळांचे जिमखाने, बंद पडलेली दुकानं, जिथे छप्पर आणि सपाट फरशी मिळेल तिथे कार्पेट अंथरायचं, कडेला कठडे लावायचे आणि रविवार काढायचा. क्लीव्हलँडला थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात भरणारी अमेरिकेची इनडोअर स्पर्धा आणि फ्लोरिडातली स्नोबर्ड नॅशनल्स या तर खेळाच्या मोठ्या गावजत्राच. लोक पंधरा-पंधरा तास गाडी चालवून येतात, पाठीमागे टायरचे डबे आणि बायकामुलं.

हे कार्पेट दिवाणखान्यातलं नव्हे. ते सुया टोचून घट्ट केलेल्या कृत्रिम धाग्यांचं, आखूड आणि कडक असतं. अमेरिकेत ते ओझाइट या नावाने ओळखलं जाई. त्यावरून अनवाणी चाललं तर पायाला काथ्याच्या पायपुसण्यासारखं लागतं. नव्या कार्पेटवर पकड कमी असते. गाड्या पळत जातात तसतसा टायरचा फोम आणि टायरला लावलेलं द्रावण धाग्यांत मुरत जातं आणि जिथून सगळे जातात तिथे एक गडद पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यावर पकड वेगळी, हातभर बाजूला वेगळी. सकाळच्या पहिल्या फेरीला जी गाडी लोण्यासारखी वळत होती तीच संध्याकाळी फायनलला त्याच वळणात उलटते. गाडी तीच, सेटअप तोच, कार्पेट बदललं. म्हणून दुसऱ्याचा सेटअप कागद जसाच्या तसा उतरवून घेण्यात मला फार अर्थ वाटत नाही. तो कागद म्हणजे त्याच्या कार्पेटने त्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर असतं. या पुस्तकात असे कागद मी मुद्दाम दिलेले नाहीत.

गाडीच्या इतिहासात मी फार शिरणार नाही, पण काही गोष्टी ठाऊक असल्या की आजची गाडी अशी का आहे ते कळतं. एक-बारांश मापाच्या विजेवरच्या गाड्या १९७०च्या दशकात रूढ झाल्या. कॅलिफोर्नियाच्या असोसिएटेड या कंपनीने त्यांत मोठी कामगिरी केली. १९८२ साली कॅलिफोर्नियातच, अ‍ॅनाहाइमला, या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि आर्टुरो कार्बोनेल तीत जिंकला. सुरुवातीच्या पट्ट्या फायबरग्लासच्या होत्या, कार्बन फायबर नंतर आलं. बॅटरी आधी सहा निकेल-कॅडमियम सेलांची असे, पुढे चार सेलांवर आली आणि आता ३.७ व्होल्टचा एकच लिथियम-पॉलिमर सेल पुरतो. हा एक सेल मोटरला पुरतो, पण रिसीव्हर आणि सर्व्होला तेवढा विद्युतदाब अपुरा पडतो. म्हणून वेगनियंत्रकातच दाब चढवणारं छोटं सर्किट बसवलेलं असतं, नाहीतर वेगळं जोडावं लागतं. नव्या माणसाची गाडी जोरात थ्रॉटल दिल्यावर मध्येच मुकी होते ती पुष्कळदा याच कारणाने, आणि तो बिचारा रिमोट बदलायला निघतो.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बॉल डिफरन्शिअल. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचं असतं, आतल्याला कमी. मोठ्या मोटारीत ते काम दात्यांची पेटी करते. तेवढी पेटी या गाडीत मावत नाही आणि मावली तरी वजन परवडत नाही. सेसिल श्युमाकर हा इंग्रज इंजिनिअर कॉसवर्थमध्ये काम केलेला. त्याने या छोट्या गाड्यांसाठी बॉल डिफ आणला आणि १९८०च्या सुमारास त्याची स्वतःची कंपनी त्यावरच उभी राहिली. रचना अशी : मागच्या गिअरच्या चकतीत गोल भोकं, त्यांत पोलादाच्या नाहीतर सिरॅमिकच्या बारीक गोळ्या, दोन्ही अंगांना पोलादी वॉशर आणि हे सगळं एका नटाने दाबून धरलेलं. गोळ्या वॉशरांवर घरंगळतात, घसरत नाहीत. नट किती आवळायचा यात सगळी गंमत आहे. मी असा बघतो : उजव्या हाताने उजवं चाक आणि गिअर दोन्ही एकत्र घट्ट धरायचे आणि डावं चाक फिरवायचा प्रयत्न करायचा. ते फिरलं तर डिफ घसरतो आहे, नट थोडा आवळा. मग गिअर सोडून एक चाक हलकेच फिरवायचं. दुसरं उलट दिशेला तितक्याच हलकेपणाने फिरायला हवं आणि बोटांना कुठे खरखर लागता कामा नये. खरखर लागली तर आवळून ती जात नाही. डिफ उघडा, वॉशर पुसा, त्यांच्यावर चर पडला असेल तर पालथे घाला, गोळ्या धुवा आणि सिलिकॉनचं वंगण अगदी पुसटसं लावा. हे काम मी दर दोन रविवारांनी करतो.

मागच्या चौकटीला पॉड म्हणतात, आणि पॉड कसा हलतो हे समजलं की पॅन कार अर्धी समजली. तो दोन प्रकारांनी हलतो. एक, वरखाली : गाडी उंचवट्यावरून गेली किंवा थ्रॉटल दिल्यावर मागे बसली की. दोन, डावीउजवीकडे कलतो : वळताना चेसिस एका अंगाला झुकते आणि पॉड मात्र दोन्ही चाकं जमिनीवर टेकवून राहायला बघतो. जुन्या गाड्यांत हे दोन्ही काम इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची एक लवचीक पट्टी करत असे. पट्टी कडक घेतली की दोन्ही हालचाली कडक, मऊ घेतली की दोन्ही मऊ. आजच्या गाडीत दोन बाजूंच्या दांड्या आणि मधला बॉल पॉडला धरून ठेवतात, आणि दोन हालचाली वेगवेगळ्या सांभाळल्या जातात : वरखालीसाठी मधला एक शॉक, कलण्यासाठी दोन बाजूंच्या छोट्या स्प्रिंगा आणि दोन नळ्या. नळीत एक दांडी सरकते आणि मध्ये सिलिकॉनचं घट्ट तेल असतं, दहा हजारापासून तीस हजारापर्यंत क्रमांकाचं, घट्ट मधासारखं. या नळ्यांचं तेल बदलणं हा किचकट भाग आहे आणि बहुतेक जण तो टाळतात. टाळू नका. बॉडी काढून पॉड बोटाने एका अंगाला दाबा आणि सोडा. तो संथपणे, न थांबता, मधोमध परत यायला हवा. झटकन आला तर तेल पातळ किंवा संपलेलं. मध्येच थबकला तर तेलाचा दोष नाही, कुठेतरी काहीतरी अडतं आहे.

माझा पहिला हिवाळा या अडण्यानेच खाल्ला. गाडी उजवीकडे छान वळे, डावीकडे पुढून रेटत जाई, म्हणजे पुरेशी न वळता सरळ जाऊ बघे, आणि सरळ रस्त्यावर थ्रॉटल दाबला की एका अंगाला ओढे. मी पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. टायर बदलले. चाकांचा कल बदलला. तीन रविवार गेले. दर रविवारी गाडी वेगळ्या तऱ्हेने वाईट चाले. चौथ्या रविवारी शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी, जे या खेळात माझ्या वयाइतकी वर्षं होते, गाडी मागितली. त्यांनी आधी स्वतःची काच पुसली. मी मनात चमकलो. मग विचारलं, "बॅटरी जागेवर आहे ना?" होती. गाडी काचेवर ठेवून त्यांनी पॉड दोनदा दाबून सोडला आणि पुढच्या टोकाच्या मधोमध धारदार सुरीचं टोक लावून गाडी सावकाश वर उचलली. उजवं चाक काच सोडून वर आलं तरी डावं टेकलेलंच होतं. त्यांनी स्प्रिंगांना हात लावला नाही. मोटरच्या वायरींवर बोट ठेवलं. मी त्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून आखूड आणि ताठ कापल्या होत्या, आणि त्या पॉडला सतत एका अंगाला ढकलत होत्या. त्यांनी मला मऊ वायरीचा तुकडा दिला. मी त्या थोड्या लांब ठेवून वर कमान देऊन पुन्हा डाकल्या. सुरीच्या टोकावर दोन्ही चाकं बरोबर उठली. त्या दिवशी उरलेल्या दोन फेऱ्यांत मी बाकी काही बदललं नाही आणि गाडी दोन्हीकडे सारखी वळली.

या दोषाला इंग्रजीत ट्वीक म्हणतात. मी या पुस्तकात त्याला पीळ म्हटलं आहे. सुताराकडे ओल्या लाकडाच्या फळीला पीळ येतो आणि दार चौकटीत बसत नाही, तोच हा पीळ. तीन पायांचं स्टूल कधी डगमगत नाही. चार पायांचं डगमगतं, कारण चौथा पाय बाकी तिघांच्या पातळीत असेलच असं नाही. गाडीलाही चार पाय आहेत. पीळ असलेल्या गाडीत समोरासमोरच्या तिरप्या दोन चाकांवर, म्हणजे उजवं मागचं आणि डावं पुढचं, जास्त भार येतो आणि उरलेली दोन हलकी पडतात. मग एका वळणाला पकड जास्त, दुसऱ्याला कमी.

पीळ काढायची रीत पहिल्या प्रकरणात चित्रांसह आहे, पण तिचा क्रम इथेच सांगतो, कारण पुस्तकाचा सगळा भर त्यावर आहे. आधी डाव्या-उजव्या टायरांचे व्यास व्हर्नियरने मोजा. जोडीत एक दशांश मिलिमीटरपेक्षा फरक नको. मग बॅटरीसकट, बॉडी सोडून, सगळं सामान जागेवर बसवा. बॅटरीची टेप ओढून ताणू नका, ती चेसिसलाच वाकवते. मग बाजूच्या स्प्रिंगांचे स्क्रू इतके सैल करा की स्प्रिंगा पॉडला टेकणार नाहीत, आणि पॉड कुठे अडत नाही ना ते बघा. बॉल जॉइंट, दांड्या, वायरी. हे झाल्यावरच स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्या टेकवा आणि गाडी सुरीच्या टोकावर उचला. जे चाक आधी उठेल त्या बाजूची स्प्रिंग जास्त दाबलेली आहे. तो स्क्रू पाव आटा सैल करा, पुन्हा उचला. बहुतेक जण शेवटच्या पायरीपासूनच सुरुवात करतात. अडणाऱ्या पॉडवर स्प्रिंगांनी पीळ काढला तर काचेवर गाडी बरोबर दिसते आणि पहिल्या वळणावर पुन्हा चुकते. दोन खोट्यांची बेरीज करून एक खरं काढण्याचा तो प्रकार झाला.

पीळ गेला की टायर. पॅन कारचे टायर फोमचे असतात, रिमवर चिकटवलेले, आणि छोट्या टायर-लेथवर घासून मापात आणायचे. नवा टायर फार मोठा असतो. रेसला पुढचे साधारण ४१ ते ४२ मिलिमीटर आणि मागचे त्याहून अर्धा मिलिमीटर मोठे असे मी घासतो. लहान टायरवर गाडी सहसा उलटत नाही, कारण त्यात दबायला फोम कमी उरतो. पण तो लवकर संपतो आणि गाडी जमिनीला लागू लागते. फोमचा कडकपणा पूर्वी रंगावरून ओळखत : गुलाबी, दुहेरी गुलाबी, मॅजेंटा, जांभळा, करडा. नव्या माणसाला हे साडीच्या दुकानात शिरल्यासारखं वाटतं. आता कडकपणाचा आकडा छापलेला असतो ते बरं.

टायरला रेसआधी द्रावण लावतात. ते फोम मऊ करतं आणि पकड देतं. जुन्या द्रावणांपैकी काहींना विंटरग्रीनचा, म्हणजे सांधेदुखीच्या मलमासारखा, असा वास असे की हॉलमधून घरी आल्यावरही तो कपड्यांना राही. आता बहुतेक हॉलमध्ये बिनवासाचंच लागतं. मागच्या टायरला मी पूर्ण रुंदीभर लावतो. पुढच्या टायरला किती रुंदीला लावायचं हे मात्र स्टिअरिंग कमीजास्त करायचं सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जलद साधन आहे. आतल्या कडेपासून अर्धी रुंदी लावून सुरुवात करा. गाडी पुढून रेटली तर थोडी वाढवा, मागून सुटली, म्हणजे मागची चाकं घसरून बाहेर गेली, तर थोडी कमी करा. स्क्रू ड्रायव्हरला हात लावायच्या आधी हे करून पाहा.

पकड फार वाढली की गाडी घसरत नाही, उलटते. भर वेगात वळणाला बाहेरच्या पुढच्या टायरची कड कार्पेटमध्ये रुतते आणि गाडी तीवरून कोलांटी घेते. यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला आणि बाजूला सुपरग्लूचा पातळ थर. वाळला की ती कड काचेसारखी गुळगुळीत होते आणि रुतायच्या ऐवजी निसटते. थर एकसारखा हवा. पहिल्यांदा लावताना टायर एका दांडीवर फिरता ठेवा, बाटलीचं टोक स्थिर ठेवा आणि श्वास रोखून एक फेरा पूर्ण होऊ द्या. वाफ डोळ्यांत जाते, तेव्हा चष्मा लावा आणि खिडकी उघडा.

गिअरिंगचा हिशोब लोकांना अवघड वाटतो, तो चौथीच्या गणिताचा आहे. मोटर एक फेरा फिरली की गाडी किती पुढे जाते, एवढंच मोजायचं. त्याला रोलआउट म्हणतात. मागचा टायर ४२ मिलिमीटर असेल तर त्याचा घेर सुमारे १३२. पिनियनला ५२ दाते आणि आसावरच्या गिअरला ७६ असतील तर १३२ गुणिले ५२ भागिले ७६, म्हणजे सुमारे ९० मिलिमीटर. आता टायर झिजून ४१ झाला. तेच दाते ठेवले तर रोलआउट ८८ वर येतो, गाडी सरळ रस्त्यावर आधी दमते आणि माणूस म्हणतो मोटर गेली. मोटर नाही गेली, टायर गेला. पिनियन एका दात्याने वाढवून ५३ करा, पुन्हा ९० च्या जवळ. रबरी टायरच्या गाडीत हा प्रश्न फारसा येत नाही. फोमच्या गाडीत तो दर रविवारी येतो. टायर झिजला की गाडीची जमिनीपासूनची उंचीही घटते, एक मिलिमीटर व्यासामागे अर्धा मिलिमीटर. ती तीन-चार मिलिमीटरच्या आत सांभाळायची असल्यामुळे हा अर्धा फार असतो. म्हणून मागच्या आसाच्या बेअरिंगभोवती भोक एका अंगाला असलेले ठोकळे असतात. ते बदलून आस वरखाली करता येतो.

पुढच्या चाकांचा कल, किंगपिनची तिरपाई, पुढच्या छोट्या स्प्रिंगा यांची चर्चा खेळाडूंमध्ये सर्वाधिक होते. मी त्यांना एकच प्रकरण दिलं आहे. या सगळ्यांचा परिणाम खरा आहे, पण पीळ, टायर आणि उंची जागेवर असल्याशिवाय तो ऐकू येत नाही.

बदल एका वेळी एकच करा आणि लिहून ठेवा. हे सगळेच सांगतात, फार थोडे करतात. माझ्याजवळ शंभरपानी वह्यांचा ढीग आहे. प्रत्येक फेरीला एक ओळ : टायरचा व्यास, द्रावण किती रुंद, पिनियन, उंची, काय बदललं आणि फेऱ्यांच्या वेळा. एक-बारांशची रेस आठ मिनिटांची असते. एक फेरा साडेदहा सेकंदांचा धरला तर आठ मिनिटांत पंचेचाळीस फेरे होतात. दर फेऱ्याला दशांश सेकंद वाचला तर साडेचार सेकंद मिळतात. कठड्याला एकदा धडक बसली आणि कडेला उभ्या मदतनीसाने गाडी सरळ करून दिली, तर तेवढेच जातात. म्हणून वहीत मी सर्वांत जलद फेऱ्यापेक्षा सर्वांत संथ फेऱ्याखाली रेघ ओढतो. जी गाडी माझ्या हातून पंचेचाळीस वेळा सारखी फिरते ती मला हवी, एकदाच उडणारी नको.

पुस्तक मराठीत का लिहिलं, हेही मला सांगायचं आहे. अमेरिकेत, इंग्लंडात, जर्मनीत हिवाळा काढणारे मराठी इंजिनिअर आणि त्यांची शाळकरी मुलं मला या हॉलमध्ये भेटतात. मुलं इंग्रजीतून गाडी शिकतात, आईवडील टेबलाशी उभे राहतात आणि काय चाललं आहे ते त्यांना कळत नाही. माझ्या मुलीने एकदा ट्रॅकवरून ओरडून सांगितलं, "बाबा, गाडी मागून सुटतेय!" तिच्या तोंडी ते शब्द इतके सहज आले की माझं अर्धं काम तिथेच झालं. रेटणं, सुटणं, रुतणं, अडणं, पीळ, कल, कड : गाडीचं दुखणं सांगायला लागणारे शब्द आपल्याकडे कारखान्यात, सुताराकडे आणि घरात आधीच आहेत. जिथे चेसिस, पॉड, टायर, पिनियन हेच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत तिथे मी तेच ठेवले आहेत; ओढूनताणून केलेले प्रतिशब्द टूलरूममध्ये कुणी बोलत नाही.

त्या म्हाताऱ्या गृहस्थांचं आणि भोसरीच्या मिस्त्रींचं ऋण मोठं आहे. दोघांची नावं इथे घालत नाही. दोघांनाही ते आवडलं नसतं. पुस्तकातली मापं माझ्या गाड्यांवर घेतलेली आहेत, तुमच्या कार्पेटवर ती थोडी सरकतील. कुठे माझी चूक आढळली तर मला जरूर कळवा, पुढच्या आवृत्तीत सुधारेन.

पहिलं प्रकरण उघडण्याआधी एक करा. घरातला आरसा टेबलावर आडवा ठेवा, ओल्या फडक्याने आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. गाडीत बॅटरी बसवा, गाडी त्यावर ठेवा, पॉड दोनदा दाबून सोडा आणि पुढच्या टोकाच्या मधोमध सुरीचं टोक लावून सावकाश उचला. कोणतं चाक आधी उठतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि मग वाचायला बसा.